जीव कशात अडकलाय? गंभीर आजारात नर्सने वेळेवर विचारायचा प्रश्न

माणूस शेवटच्या घटका मोजत असतो. श्वास मंद झालेला असतो, पण प्राण काही जात नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, "यांचा जीव कशात तरी अडकलाय." आणि धावपळ सुरू होते. मुंबईच्या मुलाला फोन जातो. कुणी कानाशी वाकून सांगतं, "बाबा, बांधाचं भांडण मिटवतो आम्ही, तुम्ही काळजी करू नका." कुणी आवडीचा पेढा ओठाला लावतं. नर्स म्हणून वीस वर्षांच्या नोकरीत, त्यातही कॅन्सरच्या आणि पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करण्याच्या, वॉर्डात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्याची मोजदाद राहिलेली नाही. दर वेळी हळहळ वाटते ती एकाच गोष्टीची. प्रश्न अगदी बरोबर आहे, फक्त विचारायला उशीर झाला. ज्याला विचारायचं, तो आता बोलू शकत नाही. महिनाभर आधी, तो उशीला टेकून चहा पीत होता तेव्हा विचारलं असतं, तर त्याने आपल्या तोंडाने सांगितलं असतं.

नर्सिंगच्या अभ्यासात ज्याला 'स्पिरिच्युअल केअर' म्हणजे आध्यात्मिक काळजी म्हणतात, ती समजावून सांगायला मला आपल्या बोलीतला हा एक वाक्प्रचार पुरतो. जीव कशात अडकलाय ते वेळेवर विचारायचं, ऐकून घ्यायचं आणि आपल्या हातून त्यासाठी जे होईल ते करायचं. या लेखात जे पेशंट येतील त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

'अध्यात्म' हा शब्द आला की आपल्यापुढे प्रवचन, सत्संग, जपमाळ उभी राहते. म्हणून वॉर्डात नव्याने आलेल्या मुली गोंधळतात. भजन लावायचं का? पेशंटला देवाचं नाव घ्यायला सांगायचं का? इथे त्या शब्दाचा अर्थ बराच मोठा आहे. माणूस आजवर कशाच्या बळावर उभा होता आणि आजाराने ते बळ कुठे मोडलं, याचा हा शोध आहे. कुणाचं बळ विठ्ठल असतो, कुणाचं अल्ला, कुणाचं बाबासाहेबांनी दाखवलेली वाट. कुणाचं बळ दोन एकराचा मळा असतो, तर कुणाचं पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेली पोरं. देव अजिबात न मानणाऱ्या माणसालाही रात्री अडीच वाजता "माझ्या जगण्याचा काय उपयोग झाला?" हा प्रश्न पडतो. तोही आध्यात्मिकच प्रश्न आहे आणि त्याला गंगाजल हे उत्तर नाही.

एका खिडकीची गोष्ट

हा विचार आजच्या वैद्यकात आणणारी बाई मुळात नर्स होती, याचा मला फार अभिमान वाटतो. सिसिली सॉन्डर्सने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये नर्सिंगचं शिक्षण घेतलं. पाठीच्या दुखण्यामुळे नर्सचं काम सोडावं लागलं, तेव्हा ती रुग्णालयातच समाजसेविका झाली. तिथे तिला डेव्हिड टास्मा भेटला. वॉर्सॉहून आलेला पोलिश ज्यू, वय जेमतेम चाळीस, कॅन्सर बरा होण्यापलीकडे गेलेला आणि लंडनमध्ये जवळचं असं कुणी नाही. आपण आलो काय आणि चाललो काय, मागे काहीच राहणार नाही, ही खंत त्याला खात होती. दोघं खूप बोलत. मरणाऱ्या माणसांसाठी एक घर असावं, तिथे वेदनाही शमावी आणि माणसाला माणूस म्हणून जगता यावं, असं त्या बोलण्यातून तिच्या मनात आकाराला आलं. 1948 मध्ये तो गेला तेव्हा त्याने तिच्यासाठी 500 पौंड ठेवले होते. त्या घरातली एक खिडकी आपण होऊ, असं तो म्हणाला होता.

त्या खिडकीभोवती घर उभं राहायला 19 वर्षं लागली. मधल्या काळात सॉन्डर्स वैद्यकीय शिक्षण घेऊन 1957 मध्ये डॉक्टर झाली आणि 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाऱ्या माणसांसाठीचं तेच घर, सुरू झालं. 'टोटल पेन' ही कल्पना तिचीच. माणसाचं दुखणं शरीराचं असतं, मनाचं असतं, घरादाराचं-पैशाचं असतं आणि जिवाच्या तळाचंही असतं. ही चारही दुखणी एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की एकाला हात न लावता दुसरं पुरतं शमत नाही.

आपल्याकडे देशातलं पहिलं हॉस्पिस 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं, शांती अवेदना सदन. 1993 मध्ये केरळात कोझिकोडला पॅलिएटिव्ह केअरचं काम उभं राहिलं आणि पुढे ते गावोगावच्या स्वयंसेवकांनी घराघरात नेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पॅलिएटिव्ह केअरच्या व्याख्येत शारीरिक आणि मानसिक-सामाजिक त्रासाच्या जोडीला आध्यात्मिक त्रासही आहे. नर्सेसच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत पेशंटच्या आणि कुटुंबाच्या आध्यात्मिक श्रद्धांचा मान राखणं हे नर्सचं कर्तव्य म्हटलंय. नर्सने करायच्या निदानांच्या, म्हणजे नर्सिंग डायग्नोसिसच्या, यादीत अशा आध्यात्मिक त्रासासाठी वेगळं निदानच आहे. "आम्ही काय करायचं, हे आमचं काम थोडंच आहे?" असं कुणी म्हटलं की मी हे सांगते. हे आपलंच काम आहे.

आधी शरीर

इथे एक इशारा द्यायलाच हवा. एक आजोबा रात्रभर तळमळत होते. चादर ओढायचे, उठून बसू बघायचे, शब्द स्पष्ट येत नव्हते. घरच्यांनी ठरवूनच टाकलं की जीव धाकट्या मुलात अडकलाय, आणि त्याला गाडी करून बोलावलं. ड्यूटीवरच्या सिस्टरने पोटावर हात ठेवला तर ओटीपोट टम्म फुगलेलं. लघवी तुंबली होती. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातल्यावर आजोबा दहा मिनिटांत शांत झोपले. मुलगा पोचला तेव्हा ते त्याच्याशी बोलूही शकले.

म्हणून तळमळ दिसली की आधी वेदना, धाप, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, ताप, औषधाने आलेलं भ्रम हे सगळं तपासायचं. दर चार तासांनी मिळायला हवी ती मॉर्फिनची गोळी वेळेवर मिळते का, ते बघायचं. हाड पोखरलेल्या माणसापुढे जगण्याच्या अर्थाची चर्चा करणं हा छळ आहे. तसंच नैराश्य हा वेगळा आजार आहे, त्याला उपचार आहे. पेशंट "मला संपवायचंय" म्हणत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर लगेच गेलं पाहिजे, नुसतं मायेने ऐकून भागत नाही.

पण शरीराची काळजी आणि जिवाची काळजी यांच्या मध्ये भिंत नसते, हेही मी ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशीच शिकले. गालाच्या कॅन्सरचे एक काका होते. आपल्याकडे तंबाखूने हा आजार किती घरात नेला, ते सांगायला नको. गालाला आरपार जखम, तिला भयंकर वास. काका कायम तोंडावर पंचा धरून भिंतीकडे तोंड करून पडायचे. कुणी आलं की डोळे मिटायचे. सगळ्यांना वाटलं, माणूस चिडका आहे. एकदा ड्रेसिंग करताना मी मास्कच्या आडून नेहमीसारखी घाईत होते आणि ते पाटीवर लिहून म्हणाले, "ताई, मी जिवंतपणीच सडलो." मी हातातला चिमटा खाली ठेवला. विचारलं, "काका, कुणी भेटायला यावंसं वाटतं का?" त्यांनी लिहिलं, "नातू. पण नको. घाबरेल."

नातू सहा वर्षांचा होता. पाच महिने आजोबांनी त्याला जवळ येऊ दिलं नव्हतं.

तिथे मी काहीही आध्यात्मिक बोलले नाही. जखमेच्या वासावर मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळ्यांची बारीक पूड टाकतात, ही वॉर्डातली साधी, स्वस्त गोष्ट. आमच्याकडे ती सुरू करायची राहून गेली होती. डॉक्टरांना सांगून सुरू केली. ड्रेसिंग दिवसातून दोनदा केलं, वरून स्वच्छ पांढरी पट्टी बांधली, पलंग खिडकीजवळ नेला. चार-पाच दिवसांत वास बराच कमी झाला. मग सूनबाईंना आधी एकटीला बोलावून जखम कशी आहे, पट्टी कशी दिसते, ते दाखवलं, म्हणजे पोराला काय सांगायचं ते तिला कळावं. त्या नातवाचं पुढे सांगते.

विचारायचं कसं

"तुमच्या आध्यात्मिक गरजा काय आहेत?" असं विचारलं तर समोरचा बिचकेल. अमेरिकेतल्या डॉक्टर क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी 1996 मध्ये यासाठी 'फायका' नावाची एक पद्धत बसवली. तिच्यात चार गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: श्रद्धा किंवा आधार कशाचा, त्याचं आयुष्यात स्थान काय, त्यातली माणसं कोण, आणि उपचारात आम्ही त्यासाठी काय करावं. आपल्या भाषेत ते आपसूक येतं. "अशा वेळी धीर कशाने येतो, काका?" "आधी अडचण आली तेव्हा काय केलंत?" "कुणाशी बोललं की मन हलकं होतं?" "इथे वॉर्डात तुमची काही अडचण होतेय का, पूजेची, नमाजाची, आणखी कशाची?" एका बैठकीत चारही विचारायची गरज नसते. एक अंग पुसून देताना, एक चार दिवसांनी सलाईन बदलताना.

वेळच नाही म्हणणाऱ्यांना एक सोपी वाट आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधक कॅरन स्टाइनहाउजर यांच्या 2000 मधल्या अभ्यासात गंभीर आजारी माणसांनी देवाशी समाधानात असणं हे वेदना कमी होण्याइतकंच महत्त्वाचं मानलं होतं. 2006 मध्ये त्यांनी एकच प्रश्न तपासून पाहिला: तुमच्या मनाला शांतता आहे का? मराठीत तो याहून सुरेख होतो. "मनाला समाधान आहे ना, आजी?" बऱ्याचदा आजी "आहे गं बाई" म्हणतात. पण कधीकधी मध्ये एक क्षण जातो. त्या क्षणी घाई न करणं एवढंच करायचं असतं.

घाई मीही केलीय. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका बाईने मला विचारलं होतं, "सिस्टर, मी कुणाचं काय वाईट केलं होतं?" मी चटकन म्हणाले, "असं बोलू नये मावशी, देवावर विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल." त्यांनी मान वळवली. नंतरच्या अकरा दिवसांत त्या माझ्याशी गोळ्यांखेरीज काही बोलल्या नाहीत. त्यांना काय सांगायचं होतं, ते मला कधीच कळणार नाही.

हा प्रश्न आपल्याकडे जितका विचारला जातो तितका दुसरा कुठला नसेल. प्रारब्ध, मागच्या जन्मीचं पाप, चुकलेला नवस, कुणाचा तळतळाट. त्यावर "कॅन्सर पेशींच्या बिघाडाने होतो" हे उत्तर खरं असलं तरी त्या घडीला ते पोचत नाही. काही वर्षांनी दुसऱ्या एका ताईंनी जवळपास त्याच शब्दांत विचारलं तेव्हा मी स्टूल ओढून बसले आणि एवढंच म्हटलं, "असं कशामुळे वाटतं तुम्हाला?" बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा त्यांनी एका दुपारी पाणी मागितलं होतं आणि मी रागात दिलं नव्हतं." चौदा वर्षांपूर्वीची ती दुपार. आता स्वतःच्या घशाला कोरड पडायची, तेव्हा त्यांना तेच आठवायचं.

मी त्यांना माफ करणारी कोण? आणि "छे, त्यात काय एवढं" म्हणणं म्हणजे त्यांचं ओझं चेष्टेवारी नेणं. मी विचारलं, हे कुणाला सांगावंसं वाटतं का? म्हणाल्या, नणंदेला. नणंद रविवारी आली. दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, पडदा ओढून दिला होता. तासाभराने गेले तर नणंद केमोनंतर उगवलेल्या विरळ केसांना खोबरेल लावत बसली होती आणि ताईंचे डोळे मिटलेले होते. त्यांचं दुखणं काही गेलं नाही. पण पाण्याचा ग्लास त्या दिवसापासून त्या माझ्याकडून मागायला लागल्या. आधी घसा सुकला तरी मागत नव्हत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

माळ, कलमा, चौविहार

धर्माच्या गोष्टी छोट्या दिसतात, पण पेशंटसाठी त्या छोट्या नसतात. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ ऑपरेशनच्या आधी दागिन्यांबरोबर काढून पिशवीत टाकली जाते. त्याच्या लेखी ती काढणं म्हणजे काय, हे पंढरपूरच्या वाटेवर चाललेल्याला कळेल. मानेचं ऑपरेशन असेल तर माळ काढावी लागते, मान्य. पण "माउली, ही कुठे ठेवू? मनगटाला बांधू का, की घरच्यांच्या हातात देऊ?" एवढं विचारता येतं, आणि भूलतज्ज्ञांची परवानगी असेल तर मनगटाला गॉजने बांधून देताही येते.

जैन आजी चौविहार पाळत असतील, म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीही घेत नसतील, तर रात्री नऊच्या गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांशी आधीच बोलावं लागतं. नळीतून जाणाऱ्या पातळ खाण्यात बटाटा-गाजर टाकलेलं त्यांना चालेल का, तेही विचारावं. मुसलमान पेशंटला रमजानात आजाऱ्याला रोज्याची सूट असते हे माहीत असतं, तरीही रोजा सुटल्याची बोच असते. त्याच्याशी त्याच्या मौलवींनी बोललेलं आपल्या बोलण्यापेक्षा लाख पटीने बरं. शेवटच्या वेळी तोंड पश्चिमेकडे काबाच्या दिशेला असावं आणि कानावर कलमा पडावा असं घरच्यांना वाटतं. पलंगाला चाकं असतात, ऑक्सिजनची नळी पुरत असेल तर पलंग फिरवायला दोन मिनिटं लागतात. ख्रिस्ती पेशंटच्या फादरना वेळेत निरोप गेला पाहिजे, कारण शेवटचा प्रसाद घ्यायला पेशंटला गिळता यायला हवं. बौद्ध घरातल्या माणसाला गंगाजल देण्याचा आगाऊपणा करू नये. त्यांना त्रिशरण-पंचशील म्हणायचं असेल. आडनावावरून काहीच गृहीत धरू नये. विचारावं.

आपला देव पेशंटच्या गळ्यात मारू नये, हेही तितकंच पक्कं. आपण अमुक बाबांचे भक्त असू, रोज ध्यान करत असू, ते आपल्या घरी. पलंगावरचा माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्यापुढे श्रद्धेचा प्रचार करणं हा अन्यायच आहे. त्याने "तुम्ही माझ्यासोबत प्रार्थना कराल का?" विचारलं आणि आपल्या मनाला पटत असेल तर हात जोडून उभं राहावं. पटत नसेल तर शांत बसून राहिलं तरी चालतं.

"त्यांना सांगू नका, सिस्टर"

आपल्या वॉर्डातली सगळ्यात अवघड गाठ ही आहे. घरचे दाराबाहेर गाठून हात जोडतात, "त्यांना कॅन्सरचं कळलं तर खचतील." आत पेशंट हळूच विचारतो, "ही मंडळी माझ्यापासून काय लपवतायत?" दोघंही एकमेकांना जपतात आणि दोघंही एकटे पडतात. निरोप घ्यायचा, माफी मागायची, बँकेचं पासबुक कुठंय ते सांगायचं, हे सगळं त्या लपवालपवीत राहून जातं.

नर्सने परस्पर निदान फोडू नये, आणि धडधडीत खोटंही बोलू नये. घरच्यांना मी विचारते, "तुम्हाला कशाची भीती वाटते?" आणि "त्यांनी थेट विचारलंच तर आपण काय म्हणायचं?" पेशंटला विचारते, "तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?" दहातल्या आठांना ठाऊक असतं, असा माझा अनुभव आहे. मग डॉक्टर आणि घरचे एकत्र बसतील अशी सोय करायची. तेवढं जमलं तर पुढचं बरंचसं आपोआप मोकळं होतं.

बोलणं मोकळं झालं की मागे काही ठेवून जायची इच्छा वर येते. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनॉव यांनी 'डिग्निटी थेरपी' मांडली, तिचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. पेशंटला त्याच्या आयुष्याबद्दल, माणसांना काय सांगून जायचंय त्याबद्दल ठरावीक प्रश्न विचारून उत्तरं ध्वनिमुद्रित करतात, लिहून काढून नीट करतात आणि ती वही घरच्यांसाठी राहते. त्याचं रीतसर प्रशिक्षण लागतं. पण एका आजीने पुरणपोळीचं प्रमाण मोबाईलवर सुनेला बोलून ठेवलं, कटाची आमटी धरून, त्यालाही मी त्याच रांगेत बसवते. टास्माला जी खंत होती, तीच तिथे थोडी हलकी होत होती.

शेवटच्या तासांसाठी एक गोष्ट प्रत्येक घराला माहीत असावी. गिळता येत नसताना चमच्याने गंगाजल किंवा मक्केच्या झमझम विहिरीचं पाणी तोंडात ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊन घरघर वाढते. कापसाचा बोळा भिजवून ओठ आणि जिभेचं टोक ओलं करावं, तुळशीचं पान ओठावर ठेवावं. विधी पुरा होतो आणि जिवाला त्रास होत नाही. आणि बोलत राहावं. ऐकू येणं बऱ्याच उशिरापर्यंत टिकतं असं आम्ही मानतो. म्हणून पलंगाशी उभं राहून अंत्यविधीच्या खर्चाची चर्चा कुणी करू लागलं की मी त्यांना बाहेर नेते.

माणूस गेल्यावर तासाभरात त्या पलंगावर नवी चादर आणि नवा पेशंट येतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातला नर्स जोनाथन बार्टल्स याने एक साधी रीत सुरू केली. मृत्यूनंतर तिथे असलेल्या सगळ्यांनी मिनिटभर नुसतं गप्प उभं राहायचं, ज्याने-त्याने आपापल्या मनात त्या माणसाचा मान राखायचा. आमच्या वॉर्डात आम्ही तिघी-चौघी नर्स आणि वॉर्डातले मदतनीस मावशी-मामा तसं करतो. त्याशिवाय पुढच्या पलंगाकडे पाऊल उचलत नाही, निदान माझं तरी.

आता त्या काकांचं. नातवाला आणायचं कधी, ते ठरत नव्हतं. त्या रात्री माझी ड्यूटी संपली तेव्हा ओव्हरच्या, म्हणजे पुढच्या पाळीला माहिती देण्याच्या, रजिस्टरमध्ये बीपी, लघवी, ड्रेसिंगच्या खाली मी लिहिलं, 'नातवाची वाट बघतायत. वास कमी आहे. उद्या आणायला हरकत नाही.' सकाळच्या सिस्टरने ते वाचलं आणि आठ वाजता सूनबाईंना फोन लावला. पोरगं दारात थांबलं, पांढऱ्या पट्टीकडे बघत राहिलं, मग विचारलं, "आजोबा, लागलं का?" काकांनी मान हलवली आणि पलंगावर सरकून त्याला जागा करून दिली.